घरचे डॉक्टर आणि दूरचे तज्ज्ञ

गेल्या मे महिन्यांत एके दुपारीं आमच्या जळगांवच्या घरीं माजघरांत दोन पाट मांडले, आणि त्यांवर काकूंच्या औषधांच्या सर्व पट्ट्या ओळीनें लावल्या. उशीखालच्या, देवघराशेजारच्या फडताळांतल्या, फ्रिजच्या दारांतल्या, अशा मिळून त्या सतरा भरल्या. पैकीं अकरा चालू होत्या, चार संपत आल्या होत्या, आणि दोन कशासाठीं आहेत हें घरांतील चौदा माणसांपैकीं एकासही सांगतां आलें नाहीं. हीं औषधें पांच निरनिराळ्या डॉक्टरांनीं लिहून दिलेलीं होतीं. हृदयाचे डॉक्टर नाशिकचे, गुडघ्यांचे जळगांवचे, मधुमेहाचे पुण्याचे (कारण तेथें काकूंचा धाकटा मुलगा राहतो), डोळ्यांचे पुन्हां जळगांवचे, आणि पांचवे कोपऱ्यावरचे, ताप-खोकल्यापुरते. पांचही आपापल्या विषयांत निष्णात. कोणाच्याही ज्ञानाविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु या पांचांपैकीं एकानें दुसऱ्यास दोन ओळींचें पत्र लिहिलें आहे, असा एकही कागद त्या ढिगांत सांपडला नाहीं.

हे पाट मांडण्याची वेळ कां आली तें सांगितलें पाहिजे. काकू धुळ्यास लेकीकडे नातवाच्या मुंजीसाठीं गेल्या होत्या. मुंज थाटानें झाली. दुसऱ्या दिवसापासून त्यांची अन्नावरची वासना उडाली, पायांना सूज आली, आणि दिवसभर गुंगी राहूं लागली. मुंजीची दगदग आणि वैशाखांतलें ऊन, असें सर्वांनीं ठरविलें. खानदेशांतला मे महिना ज्यांनीं काढला आहे त्यांना यांत कांहीं नवल वाटणार नाहीं. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरांत गेला म्हणजे धडधाकट माणूसही जमिनीवर आडवा होतो. पन्हें झालें, वाळ्याचें पाणी झालें, कोणी कांद्याचा रस तळपायांस चोळला. चौथ्या दिवशीं लघवी जवळजवळ होईनाशी झाली तेव्हां जांवई घाबरले, आणि ओळखीच्या एका वयस्क डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेले. रक्त तपासलें, तों क्रिएटिनिन नेहमींच्या जवळजवळ तिप्पट. मूत्रपिंडांनीं काम सोडत आणलें होतें.

डॉक्टरांनीं विचारलें, ‘आजी, औषधें कोणतीं घेतां?’ काकूंनीं कमरेची पिशवी उघडून एक डबी पुढें केली. आमच्या सूनबाई दर रविवारीं पट्ट्यांतून गोळ्या काढून त्या डबींत आठवड्याचे डोस भरून ठेवतात. काकूंना गोळ्या ओळखतां येतात त्या रंगावरून. पांढरी सकाळची, गुलाबी जेवणानंतरची, पिवळी निजतांनाची. डॉक्टर डबीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘घरीं कळवा. असतील नसतील तेवढ्या पट्ट्या एका जागीं मांडून त्यांचीं छायाचित्रें मला पाठवा. कागद नकोत, पट्ट्या.’ धुळें आणि जळगांव यांमध्यें अंतर सुमारें नव्वद किलोमीटरांचें. मोबाइलमुळें तें दहा मिनिटांचें झालें. हा एक उपकार मानलाच पाहिजे.

त्या छायाचित्रांवरून जें निघालें तें असें. नाशिकच्या डॉक्टरांनीं रक्तदाबासाठीं एक गोळी आणि अंगांतलें पाणी कमी करण्यासाठीं, म्हणजे लघवी वाढविणारी, दुसरी गोळी दिली होती. पुण्याच्या डॉक्टरांना लघवींत प्रथिन आढळलें, म्हणून त्यांनीं मूत्रपिंडांच्या रक्षणासाठीं रक्तदाबाचीच, त्याच वर्गांतली, पण वेगळ्या कंपनीच्या नांवाची गोळी सुरू केली होती. म्हणजे एकच औषध दोन नांवांनीं पोटांत जात होतें. गुडघ्यांच्या डॉक्टरांनीं वेदनाशामक गोळी पंधरा दिवसांसाठीं लिहिली होती. तिनें बरें वाटूं लागलें, म्हणून आम्हीं ती औषधाच्या दुकानांतून चिठ्ठीशिवाय तीन महिने आणीत राहिलों. दुकानदारानें विचारलें नाहीं, आम्हींही सांगितलें नाहीं.

या तीन प्रकारच्या औषधांचा मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, हें धुळ्याच्या डॉक्टरांनीं फार सोपें करून सांगितलें. मूत्रपिंड ही एक गाळणी आहे. गाळणींत रक्त आणणारी जी नळी, तिचें तोंड वेदनाशामकानें आकसतें. गाळणींतून रक्त बाहेर नेणारी जी नळी, तिचें तोंड त्या वर्गाच्या रक्तदाबाच्या गोळीनें सैल होतें. येणारें कमी, जाणारें मोकळें. मग गाळण्यापुरता जोर गाळणींत उरत नाहीं. त्यांत लघवीच्या गोळीनें अंगांतलें पाणीच घटलेलें, आणि वर खानदेशचा उन्हाळा. यांतलें प्रत्येक औषध एकेकटें योग्य होतें. एकत्र येऊन त्यांनीं घात केला. वेदनाशामक कायमचें बंद झालें, इतर दोन कांहीं दिवस थांबवलीं, शिरेंतून सलाइन दिलें. तीन आठवड्यांत काकू पुष्कळशा सावरल्या. क्रिएटिनिन मात्र पूर्वीच्या आंकड्यावर परत आलें नाहीं, आणि आतां येणारही नाहीं असें म्हणतात.

दोष कोणाचा, यावर आमच्या घरीं चार रात्री वाद चालला. गुडघ्यांच्या डॉक्टरांनीं विचारलेंच नाहीं असें एकाचें म्हणणें. परंतु त्या दिवशीं सोबत आमच्यापैकींच एक जण गेला होता, आणि डॉक्टरांनीं ‘दुसरें कांहीं चालू आहे का?’ असें विचारलें होतें हें त्यास पक्कें आठवतें. त्यावर त्यानें उत्तर दिलें, ‘बी. पी. ची एक गोळी आहे.’ एक गोळी! कोणती, किती, कोणीं दिलेली, हें त्याला कोठें ठाऊक होतें? आणि काकू मधून मधून एका वैद्यांचा काढा घेतात, हें तर डॉक्टर रागावतील म्हणून आजपर्यंत कोणींच कोणाला सांगितलेलें नाहीं.

पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या गल्लींत एक डॉक्टर होते. चाळीस वर्षें त्यांनीं एकाच खोलींत दवाखाना चालविला. आमच्या घरांतील तीन पिढ्यांचे देवी-गोवर, बाळंतपणें, पडलेले हात, पडलेले दांत, परीक्षेच्या आदल्या दिवशींचीं पोटदुखीचीं सोंगें, सर्व त्यांना तोंडपाठ. कोणास मोठ्या डॉक्टरांकडे पाठवावयाचें झालें, कीं ते आपल्या कागदावर निळ्या शाईनें पत्र लिहीत : या बाईंना अमुक वर्षीं हें झालें, तमुक औषध मानवत नाहीं, सासरे हृदयविकारानें गेले, आपण अमुक गोष्टीचा निर्णय द्यावा. आणि मुंबईहून परत येणाऱ्या माणसास ते प्रथम हेंच विचारीत कीं, ‘माझ्या पत्राचें उत्तर आणलेंत का?’ उत्तर नसलें तर त्यांना खरोखरच वाईट वाटे. ते थकले, दवाखाना बंद झाला. मुलगा तज्ज्ञ होऊन पुण्यास स्थायिक झाला. त्या खोलींत आतां मोबाइलचें दुकान आहे. आमच्या घरचे सर्व कागद कपाटांत आहेत, पण ते एकत्र वाचणारा माणूस गेला, ही गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास काकूंचें दुखणें लागलें.

हा सर्व प्रकार आम्हीं जर्मनींत स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या आमच्या पुतण्यास कळविला. त्याचें उत्तर वाचून आम्हांस गंमत वाटली. तिकडे कुटुंबाच्या डॉक्टरास ‘हाउसआर्त्स्ट’ म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘घरचा डॉक्टर’! आपल्या बायका बोलतात तोच शब्द. तज्ज्ञाला ‘फाखआर्त्स्ट’. पुतण्याच्या पत्नीस थायरॉइडचा विकार आहे. तिच्या घरच्या डॉक्टरीणबाई तिला ‘उबरवाइझुंग’ नांवाची पाठवणीची चिठ्ठी देतात, ती घेऊन ती तज्ज्ञाकडे जाते, आणि तज्ज्ञ तपासणीनंतर घरच्या डॉक्टरिणीस पत्र धाडतो. हें पत्र म्हणजे उपकार नव्हे, कामाचा भाग आहे. पुतण्या लिहितो, ‘काका, आमच्या बाईंच्या कपाटांत आम्हां चौघांची फाइल आहे, आणि आम्हांला काय झालें तें आमच्यापेक्षां त्यांनाच अधिक ठाऊक.’

वाचकांनीं एवढ्यावरून तेथें रामराज्य आहे असें मात्र समजूं नये. जर्मनींत आजाऱ्यांच्या विम्याचा पहिला कायदा बिस्मार्कनें १८८३ सालीं केला, आणि आज दहांपैकीं जवळजवळ नऊ माणसें सार्वजनिक विमाफंडांत आहेत. रोग्यानें खिशांतून पैसे न देतां डॉक्टरकडे जावें, ही सोय त्यामुळें झाली. पण या सोयीबरोबर एक मोकळीकही आली : वाटेल त्यानें वाटेल त्या तज्ज्ञाकडे, चिठ्ठीशिवाय, थेट जावें. तज्ज्ञांचे दवाखाने बहुधा इस्पितळाबाहेर, गांवांत स्वतंत्र असतात, म्हणून जाणें सोपें. मग एकाच तिमाहींत एकच माणूस तीन तज्ज्ञ पाहून येतो, आणि घरच्या डॉक्टरास पत्ताही नसतो. आपल्या सारखेंच झालें!

हें थांबविण्यासाठीं तेथील सरकारनें २००४ सालीं एक युक्ति काढली. तिमाहींत पहिल्यांदा डॉक्टरकडे गेलें कीं दहा युरो भरावयाचे. त्यानें दिलेली चिठ्ठी घेऊन पुढच्याकडे गेलें तर तेथें पुन्हां भरावे लागत नाहींत. चिठ्ठीशिवाय गेलें तर भरावे लागतात. हेतु हा कीं, लोकांनीं घरच्या डॉक्टराच्या दारावरून जावें. पण माणूस तो माणूस. लोक तिमाहीच्या आरंभीं घरच्या डॉक्टराकडे जाऊन एकदम चार-पांच चिठ्ठ्या घेऊन ठेवूं लागले. दवाखान्यांतल्या बायकांचा वेळ दहा-दहा युरो गोळा करण्यांत जाऊं लागला. २०१२ च्या अखेरीस ती पट्टी रद्द झाली.

दुसरा उपाय आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यांत दंड नाहीं, करार आहे. विमाफंडांनीं आपल्या लोकांना असा पर्याय द्यावयाचा कीं, ज्याची इच्छा असेल त्यानें एक घरचा डॉक्टर निवडून निदान वर्षभर त्याच्याशीं बांधून घ्यावें, आणि तज्ज्ञाकडे त्याच्याच चिठ्ठीनें जावें. डोळ्यांचे आणि स्त्रियांचे डॉक्टर यांना सूट. बाडेन-व्युर्टेंबर्ग प्रांतांत, म्हणजे आमचा पुतण्या राहतो तेथें, असा मोठा करार २००८ पासून चालू आहे. घरच्या डॉक्टरास या कामाचा मोबदला वेगळा मिळतो. ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. रोग्याचे सर्व कागद वाचून, त्यांची संगति लावून, दोन तज्ज्ञांमध्यें मेळ घालणें हें तासाभराचें काम. त्याचे पैसे कोणी देत नसेल तर तें कोण आणि किती दिवस करील? आमच्या गल्लींतील डॉक्टरांनीं तें चाळीस वर्षें केलें, आणि आम्हीं त्यांना तपासणीच्या फीपलीकडे कधीं कांहीं दिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. दिवाळीचा फराळ तेवढा जाई.

तिकडे तज्ज्ञाच्या भेटीसाठीं आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते, ही पुतण्याची मोठी तक्रार. त्यासाठीं २०१६ पासून वेळ ठरवून देणाऱ्या कचेऱ्या निघाल्या. ११६११७ या क्रमांकावर विचारलें, कीं चार आठवड्यांच्या आंतली वेळ मिळवून देणें हें त्यांचें काम. त्याच वर्षीं ऑक्टोबरपासून आणखी एक नियम झाला, आणि काकूंचें प्रकरण घडल्यावर आम्ही तो पुनःपुन्हां वाचला : ज्याला तीन किंवा अधिक औषधें नित्य घ्यावयाचीं आहेत, त्याला आपल्या डॉक्टराकडून सर्व औषधांची एक छापील यादी मागण्याचा हक्क आहे. यादींत औषधाचें मूळ नांव, विक्रीचें नांव, मात्रा, वेळ, आणि कशासाठीं घ्यावयाचें तें कारण. कोणत्याही डॉक्टराकडे जातांना तो कागद बरोबर न्यावयाचा. रोग्यांची संगणकावरील नोंदवही तेथें २०२१ मध्यें सुरू झाली, पण मागेल त्यालाच ती मिळे, आणि फारच थोड्यांनीं ती मागितली. २०२५ पासून, जो नको म्हणत नाहीं त्या प्रत्येक विमाधारकासाठीं ती उघडली जात आहे. इतकें असूनही कित्येक जर्मन दवाखान्यांतून अद्याप पत्रें फॅक्सनें जातात, हें ऐकून आमच्या सूनबाई मोठ्यानें हंसल्या.

आपल्याकडे या विषयाचा विचारच झाला नाहीं असें नाहीं. भोर समितीनें १९४६ सालीं जो अहवाल दिला, त्यांत खेड्यांतलें प्राथमिक केंद्र, त्याच्यावर मोठें इस्पितळ, त्याच्यावर जिल्ह्याचें, अशी चढती रचना आंखून दिली होती. रोग्यानें पायरी-पायरीनें वर जावें आणि बरा होऊन पायरी-पायरीनें खालीं यावें. खानदेशांत वरची पायरी बांधली गेली. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवासही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालूं लागलें. सरकारी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलईंत प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळें होतें. पुढें तिलाच महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. या योजनेनें कित्येक गरीब घरें कर्जापासून वांचविलीं, हें आम्हीं धुळ्यांत डोळ्यांनीं पाहिलें आहे. पण ती मुख्यतः इस्पितळांत दाखल झालेल्या रोग्यासाठीं, शस्त्रक्रियेसाठीं. काकूंसारखी बाई दाखल होण्यापूर्वीं दहा वर्षें पांच दवाखान्यांच्या पायऱ्या चढते-उतरते, त्या दहा वर्षांचा हिशेब कोणत्याच योजनेच्या वहींत नाहीं. वर गेलेल्या रोग्याचें पत्र खालीं परत येणें, हा भोर समितीच्या रचनेंतला अर्धा भाग तर सरकारी इस्पितळांतही क्वचितच दिसतो.

आणि चिठ्ठी या वस्तूचीच आपल्याकडे बदनामी झालेली आहे. घरच्या डॉक्टरांनीं ‘अमक्याकडे जा’ म्हटलें, कीं आपल्या मनांत पहिला विचार येतो तो टक्क्यांचा. हा संशय केवळ खोटा असता तर बरें झालें असतें. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, ज्यांनीं विंचवाच्या विषावरील उपचारानें कोंकणांतील कित्येक मुलें वांचविलीं, त्यांना २०१३ सालीं रोगी पाठविल्याबद्दल एका तपासणी-केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनीं तो वटविला नाहीं. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. पुढें २०१७ मध्यें राज्य सरकारनें ‘कट प्रॅक्टिस’विरुद्ध कायद्याचा मसुदाही करविला. जर्मनींतही हा रोग होताच. तेथें २०१६ सालीं रोगी पाठविण्यासाठीं लांच देणें-घेणें हा फौजदारी गुन्हा ठरविण्यांत आला. टक्के घेणारा एक डॉक्टर दहा सरळ डॉक्टरांच्या पत्रांची किंमत घालवितो, आणि मग रोगी चिठ्ठी फाडून, शेजाऱ्याच्या सल्ल्यानें, स्वतःच तज्ज्ञ शोधीत हिंडतो. आम्हीं तरी दुसरें काय केलें? नाशिकचे डॉक्टर व्याह्यांनीं सुचविले, पुण्याचे मुलाच्या कचेरींतल्या मित्रानें.

आपल्या सरकारनेंही २०२१ च्या सप्टेंबरांत आरोग्याच्या संगणकीय नोंदींची योजना देशभर सुरू केली. ‘आभा’ क्रमांक काढला कीं निरनिराळ्या दवाखान्यांतले कागद एकत्र जोडतां येतात. काकूंचा क्रमांक आम्हीं काढला आहे. पण ज्या पांच दवाखान्यांत त्या जातात, त्यांतल्या तिघांत कागद अजून हातानेंच लिहिला जातो. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हांपासून या दोन्ही जिल्ह्यांत मोठ्या दुखण्याला माणूस रेल्वेनें मुंबईस जात आला आहे. पिशवींत कागद घालून जाणें ही आमची शंभर वर्षांची संवय. म्हणून तूर्त आम्हीं पिशवीच सुधारावयाचें ठरविलें.

घरांत काकूंच्या नांवाची एक जाड पुठ्ठ्याची वही केली आहे. पहिल्या पानावर, जर्मन यादीच्या नमुन्यावरून, औषधांची यादी. दुकानी नांव कंसांत आणि मूळ नांव मोठ्या अक्षरांत. (मूळ नांव स्पष्ट अक्षरांत लिहावें असा डॉक्टरांसाठीं नियम आपल्याकडेही २०१६ सालीं झालेला आहे, तेव्हां तें विचारण्यांत उद्धटपणा नाहीं.) वैद्यांचा काढाही यादींत घातला. दुसऱ्या पानावर दर महिन्याचें क्रिएटिनिन, साखर, रक्तदाब. पुढें प्रत्येक डॉक्टरांसाठीं एक कोरें पान, आणि त्याच्या वरच्या बाजूस सूनबाईंच्या अक्षरांत एक प्रश्न : ‘आज काय बदललें, आणि कां?’ धुळ्याच्या डॉक्टरांना आम्हीं विनंति केली, आणि त्यांनीं काकूंचे घरचे डॉक्टर होण्याचें कबूल केलें आहे. यादींत कांहींही वाढलें-घटलें कीं तिचें छायाचित्र त्यांच्याकडे जातें. या वाचनाची फी आम्हीं आपण होऊन ठरवून दिली. प्रथम ते संकोचले, मग घेऊं लागले.

पांचांपैकीं चौघांनीं वही पाहून आनंद दाखविला. नाशिकच्या डॉक्टरांनीं तर अर्धें पान लिहिलें, आणि खालीं गुडघ्यांच्या डॉक्टरांसाठीं एक ओळ : वेदनाशामक देण्यापूर्वीं मला फोन करावा. पांचव्यांनीं मात्र, ‘मला दुसऱ्यांचें वाचावयास वेळ नाहीं’ असें सांगून वही परत केली. काकूंनीं ती शांतपणें पुन्हां त्यांच्या टेबलावर ठेविली आणि म्हणाल्या, ‘डॉक्टरसाहेब, मी बसतें बाहेर. तुमचे पेशंट झाले म्हणजे वाचा.’ दीड तास बसल्या. संध्याकाळीं घरीं आल्या तेव्हां त्या पानावर तीन ओळी होत्या, अक्षर लागत नव्हतें; सूनबाईंनीं फोन करून ती विचारून घेतली आणि खालीं सुवाच्य उतरून काढली.